दातांची कीड : ती का लागते व ती कशी टाळावी

मागे एकदा आम्ही एका खेड्यातील मंडळीच्या भेटीस गेलो होतो. उपासना आटोपल्यावर एक वृद्ध भगिनी आपल्या नऊ वर्षांच्या नातवाचा हात धरून तेथील उपदेशकाजवळ आली. मुलाचा गाल सुजला होता व तीन रात्री त्यास झोप नव्हती. आजीबाई म्हणाली, "मास्तर, बाजाराच्या दिवशी एक बाई आली होती. तिने बियांची धुरी देऊन ह्याच्या दाढेतले पाच किडे काढले. पाण्यात पडलेले मी ह्या डोळ्यांनी पाहिले. किडे निघाले, तर मग दुखणे का राहिले?"

उपदेशक म्हणाला, "आजी, ते मला सांगता यावयाचे नाही, पण उद्या सकाळी आपण ह्याला ग्रामीण रुग्णालयात नेऊ." त्याने तसे केले. दाढ आतून इतकी पोखरली होती की ती काढावी लागली. दंतवैद्याने सांगितले की ही दुधाची दाढ नव्हे; ही कायमची होती व हिच्या जागी दुसरी येणार नाही. हे ऐकून आजीबाईच्या डोळ्यांत पाणी आले. दुधाचा दात आहे, आपोआप पडून जाईल, अशा समजुतीने घरच्यांनी वर्षभर त्या दाढेकडे पाहिले नव्हते.

आजीबाईचा प्रश्न प्रामाणिक होता, आणि असा प्रश्न विचारणारी घरे आपल्या प्रत्येक मंडळीत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे २०० कोटी लोकांच्या कायमच्या दातांस कीड लागलेली असून, ५१ कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. असा हा रोग बहुतांशी टाळता येतो, ही गोष्ट मात्र थोड्यांसच ठाऊक आहे. यास्तव हा पाठ आम्ही लिहीत आहो. उपदेशक बंधूंनी तो आधी स्वतः वाचावा व मग सवडीने मंडळीस समजावून सांगावा.

१. दातात किडा नसतो

दात किड्यामुळे दुखतो ही समजूत केवळ आपल्याच देशातली नव्हे. प्राचीन बाबेलच्या मातीच्या पाट्यांवर तिचा उल्लेख आढळतो, व युरोप खंडातही शेकडो वर्षे लोक असेच मानीत. पॅरिस येथील प्रसिद्ध दंतवैद्य प्येर फोशार ह्यांनी १७२८ साली दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. किडक्या दातांत आपण शोध केला, परंतु किडा सापडला नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले, व साखरेपासून दातांचे नुकसान होते असाही इशारा दिला.

तर मग पाण्यात पडले ते काय? धुरी देणारे लोक बहुधा रिंगणीच्या किंवा तशाच जातीच्या झाडाच्या बिया निखाऱ्यावर टाकतात. बी तापली म्हणजे फुटते आणि तिच्या आतला वळलेला, बारीक, पांढुरका अंकुर बाहेर पडतो. तो पाण्यावर तरंगू लागला की हुबेहूब अळीसारखा दिसतो. कोणी कोणी तर कापसात लपविलेल्या खऱ्या अळ्याच हातचलाखीने दाखवितात. ज्यास खात्री करून घ्यावयाची असेल त्याने तशाच बिया, तसाच निखारा व तसेच पाणी घ्यावे, पण कोणाचेही तोंड जवळ आणू नये व धूर अंगावर घेऊ नये. दात जवळ नसताही "किडे" पाण्यात पडतील.

पुष्कळ जण सांगतात की धुरीनंतर आपले दुखणे खरोखर थांबले. हे लोक खोटे बोलतात असे आम्ही म्हणत नाही. दातदुखी कधी कधी आपोआपच काही काळ थांबते. दाताच्या आतली शीर मेली की दुखणे एकाएकी बंद पडते व मनुष्यास वाटते की आपण बरे झालो. परंतु त्या वेळी रोग बरा झालेला नसतो. तो मुळाच्या टोकाकडे, हाडात, उतरत असतो. दुखणे थांबणे व रोग जाणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सर्वांनी नीट ध्यानात धरावे. आजीबाईच्या नातवाचे दुखणे राहिले, कारण जे निघाले ते किडे नव्हते, आणि जे दाढ खात होते ते तसेच आत राहिले होते.

२. दात कसा घडलेला आहे

देवाने दाताची घडण मोठ्या कौशल्याने केली आहे. दाताचे तीन भाग समजून घ्यावेत. सर्वांत बाहेरचे पांढरे कवच, ह्यास एनॅमल म्हणतात. मनुष्याच्या सर्व शरीरात ह्याहून कठीण पदार्थ नाही. हाडदेखील इतके कठीण नसते. ह्याच्या आत पिवळसर रंगाचा, कवचाहून मऊ असा थर असतो, त्यास डेंटिन म्हणतात. आणि सर्वांत आत गाभा असून त्यात रक्तवाहिन्या व शिरा असतात. ह्या शिरांमुळेच दात दुखतो.

मोडलेले हाड सांधते, कापलेले कातडे भरून येते. परंतु एनॅमलमध्ये जिवंत पेशी नसल्यामुळे त्यास एकदा भोक पडले की ते पुन्हा वाढून भरून येत नाही. शिवाय कवचास संवेदना नाही. कीड जोवर कवचात असते तोवर मनुष्यास काहीच कळत नाही. ती डेंटिनात शिरली म्हणजे थंड पाणी झोंबते व गोड खाल्ले की कळ येते. गाभ्यापर्यंत पोहोचली म्हणजे रात्रीची झोप जाते. अर्थात ज्या दिवशी आपण "दात दुखू लागला" असे म्हणतो, त्याच्या कितीतरी महिने आधी काम बिघडलेले असते.

३. कीड लागते ती कशी

हॉलंड देशातील डेल्फ्ट गावी लेवेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी राहत असे. त्याने स्वतः घासलेल्या भिंगांतून आपल्याच दातांवरचा पांढरा मळ पाहिला व त्यात असंख्य सूक्ष्म जीव हालचाल करताना त्यास आढळले. हे त्याने १६८३ साली लंडन येथील रॉयल सोसायटीस पत्राने कळविले. डोळ्यांनी दिसणारा किडा दातात नाही. मात्र डोळ्यांस न दिसणारे जंतू तेथे आहेत, हे त्या वेळेपासून माहीत झाले. पण हे जंतू काय करतात हे कळावयास आणखी दोनशे वर्षे लागली.

बर्लिन येथे काम करणारे अमेरिकन दंतवैद्य मिलर ह्यांनी काढलेले दात घेतले, ते लाळेत व भाकरीसारख्या पिठूळ अन्नात मिसळून शरीराइतक्या उबेत ठेविले, आणि काही काळाने पाहिले तो दात मऊ पडले होते. अन्नावर जंतू आम्ल, म्हणजे आंबट द्रव्य, उत्पन्न करतात व त्या आम्लाने दाताचा चुना विरघळतो, असे त्यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. पुढे १९२४ साली इंग्लंडातील क्लार्क ह्यांनी किडक्या दातांतून एक जंतू वेगळा काढला व त्यास स्ट्रेप्टोकोकस म्यूटान्स हे नाव दिले. हे काम तो एकटाच करीत नाही, त्याचे सोबतीही आहेत. तथापि त्यांत तो प्रमुख आहे.

आपल्या घरातील उदाहरण घेऊ. दुधात थोडे विरजण घातले की दुधातील साखर आंबट होते व दही लागते. दातावर नेमके असेच घडते. आपण गोड खाल्ले की दातांवरच्या चिकट थरात बसलेले जंतू ती साखर खातात व आम्ल सोडतात. काही मिनिटांतच तो थर इतका आंबट होतो की कवचातील चुना त्यात विरघळू लागतो.

कीड लागण्यास अशा रीतीने चार गोष्टी एकत्र याव्या लागतात : दात, जंतू, साखर आणि वेळ. दात आपणास हवेच आहेत. जंतू प्रत्येकाच्या तोंडात असतात. ते समूळ घालविता येत नाहीत, मात्र त्यांचा थर रोज काढून टाकता येतो. साखर व वेळ ह्या दोन गोष्टी तर सर्वस्वी आपल्या हातच्या आहेत.

४. लाळेचे काम

येथे देवाची एक मोठी तरतूद पाहावी. तोंडात आम्ल झाले की लाळ ते हळूहळू धुऊन टाकते व त्याची धार मारते. इतकेच नव्हे, तर लाळेत विरघळलेला चुना असतो, आणि कवचातून जो थोडा अंश निघून गेला असेल तो ती परत तेथे बसविते. हे काम पुरे होण्यास साधारणपणे अर्धा ते एक तास लागतो. रोज आपल्या प्रत्येकाच्या तोंडात अशी झीज व भर चाललेली असते. जेथे भर झिजेइतकी होते तेथे दात शाबूत राहतो; जेथे झीज अधिक होते तेथे कीड लागते.

कीड लागण्यापूर्वी दातावर, विशेषतः हिरडीच्या कडेला, खडूसारखा पांढरा डाग दिसू लागतो. ही पहिली सूचना होय. ह्या अवस्थेत दात अजून सुधारू शकतो. साखर कमी केली, दात नीट घासले व फ्लोराइड मिळाले तर तो डाग पुन्हा कठीण होतो. एकदा भोक पडले की मात्र ही संधी गेली. म्हणून प्रत्येक आईने महिन्यातून एकदा तरी मुलास उजेडात बसवून, ओठ वर उचलून, दात पाहावेत. ह्यास पैसा लागत नाही.

५. किती खाल्ले ह्यापेक्षा किती वेळा खाल्ले

आता ह्या पाठातील मुख्य गोष्टीकडे वळू. स्वीडन देशात लुंड शहराजवळ विपेहोल्म नावाचे मंदबुद्धी रुग्णांचे इस्पितळ होते. तेथे १९४५ ते १९५३ ह्या काळात रुग्णांस निरनिराळ्या रीतीने साखर देऊन दातांवर काय परिणाम होतो ते पाहण्यात आले. ज्यांस साखर जेवणाबरोबर दिली त्यांचे दात फारसे किडले नाहीत. परंतु ज्यांस दातांस चिकटून राहणाऱ्या टॉफी दोन जेवणांच्या मध्ये दिल्या, त्यांचे दात झपाट्याने किडले.

हे ज्ञान खरे आहे, पण ते कसे मिळाले हेही आपण विसरू नये. ते रुग्ण संमती देण्यास असमर्थ होते. त्यांच्या वतीने कोणी बोलले नाही, व पुष्कळांचे दात कायमचे नासले. दुर्बळांस अशा रीतीने साधन बनविणे हे पाप आहे, आणि पुढे खुद्द स्वीडनमध्येही ह्या प्रयोगाची फार निंदा झाली. त्या दीन लोकांनी आपणाकरिता न मागता ही किंमत दिली आहे. निदान त्यातून निघालेला धडा तरी आपण वाया जाऊ देऊ नये.

धडा असा : प्रत्येक वेळी तोंडात गोड गेले की अर्धा ते एक तास आम्लाचा. आता आपलाच दिवस मोजून पाहू. पहाटे एक चहा, न्याहारीच्या वेळी एक, दहा वाजता शेतावर एक, जेवणानंतर एक, तीन वाजता एक, घरी आल्यावर एक, आणि संध्याकाळी पाहुणा आला म्हणून आणखी एक. सात वेळा चहा झाला. प्रत्येकास चाळीस मिनिटे धरली तर २८० मिनिटे, म्हणजे पावणेपाच तासांच्या जवळपास, दात आम्लात भिजत राहिले. तीच साखर तीन जेवणांबरोबर घेतली असती तर दोनच तास झाले असते, व उरलेल्या वेळात लाळेने आपले काम केले असते. एक कप चहा दोन तास घुटक्याघुटक्याने पिणारा, किंवा लिमलेटची गोळी दुपारभर गालात ठेवणारा मुलगा, लाळेस मुळीच सवड देत नाही.

प्रमाणाचाही विचार केला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे सांगितले की अन्नातून मिळणाऱ्या एकंदर शक्तीपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा शेकडा १० हून कमी असावा, व शेकडा ५ हून कमी असल्यास अधिक बरे. मोठ्या माणसास शेकडा ५ म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, अर्थात सहा लहान चमचे. दोन चमचे साखरेचे तीन कप चहा प्यायले की ही मर्यादा संपली.

कित्येक जण म्हणतात की साखर वाईट, पण गूळ घरचा आहे, त्याने काही होत नाही. हा भ्रम आहे. गूळ, काकवी, मध व साखर ह्यांत जंतू भेद करीत नाहीत. गूळ तर चिकट असल्यामुळे दाताच्या फटीत अधिक वेळ बसतो. गोड बिस्किटे व चहात बुडविलेले टोस्ट ह्यांचीही तीच गोष्ट. उलट भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, काकडी, गाजर व पेरू हे चावून खावे लागतात, त्यांनी लाळ सुटते, व ते मधल्या वेळी खाण्यास चांगले.

६. दात कसे राखावेत

पहिला नियम : दिवसातून दोनदा दात घासावेत, व त्यांपैकी एक वेळ रात्री निजण्यापूर्वीची असावी. आपल्या लोकांत सकाळी दात घासण्याची चाल आहे, रात्रीची नाही. परंतु झोपेत लाळ फार कमी सुटते, म्हणून रात्री दातांत राहिलेले अन्न सर्वांत अधिक नुकसान करते. रात्री दात घासल्यावर पाण्याशिवाय काही घेऊ नये.

दुसरा नियम : फ्लोराइड असलेली पेस्ट वापरावी. फ्लोराइडचा शोध मनोरंजक आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे लोकांच्या दातांवर तपकिरी डाग असत, पण ते दात किडत नसत. मॅके नावाच्या दंतवैद्याने १९०१ सालापासून ह्याचा पिच्छा पुरविला. शेवटी १९३१ साली पाण्यातील फ्लोराइड हे त्याचे कारण असल्याचे कळून आले. पुढे जानेवारी १९४५ मध्ये मिशिगन प्रांतातील ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात मोजून थोडे फ्लोराइड घालण्यास आरंभ झाला व तेथील मुलांच्या दातांची कीड पुष्कळ घटली. फ्लोराइड कवचात मिसळून त्यास आम्लापुढे अधिक टिकाऊ करते. आपल्या बाजारात मिळणाऱ्या फ्लोराइडच्या पेस्टमध्ये दहा लाख भागांत सुमारे १,००० भाग फ्लोराइड असते. डब्यावर तो शब्द आहे की नाही हे वाचून मगच पेस्ट घ्यावी. महागडी पेस्ट घेण्याचे कारण नाही. घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा, पण भरपूर पाण्याने चुळा भरू नयेत; थोडा अंश दातांवर राहिला म्हणजे तो रात्रभर काम करतो.

ह्याच ठिकाणी एक इशारा दिला पाहिजे. पाण्यात फ्लोराइड फार झाले तर ते दातांस व हाडांस अपाय करते. आपल्या महाराष्ट्रात चंद्रपूर व यवतमाळ ह्या जिल्ह्यांतील काही गावांच्या विंधन विहिरींच्या पाण्यात ते प्रमाणाबाहेर आढळले आहे. एका लिटरात दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असलेले पाणी नेहमी पिऊ नये. गावातील पुष्कळ मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसत असतील, तर ती कीड नव्हे व अस्वच्छताही नव्हे; मुलांस दोष न देता ग्रामपंचायतीकडून पाणी तपासून घ्यावे.

तिसरा नियम : घासण्याचे साधन योग्य असावे. मऊ केसांचा ब्रश उत्तम. कडुनिंबाचे किंवा बाभळीचे दातवण चांगले चावून मऊ केले तर त्यानेही मळ निघतो. मात्र त्यात फ्लोराइड नाही, म्हणून रात्री तरी पेस्ट वापरावी. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी व जाडे मीठ ह्यांनी दात क्षणभर पांढरे दिसतात, पण कवच घासून पातळ होते. ब्रशही फार जोराने चालवू नये. हिरडीकडून दाताच्या टोकाकडे, आतून व बाहेरून, सावकाश दोन मिनिटे घासणे पुरे.

मशेरीविषयी आम्ही स्पष्ट लिहितो. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. आपल्या कित्येक भगिनी ती दात घासण्याच्या नावाने दिवसातून चार-चार वेळा लावतात. तिने दात राखले जात नाहीत. उलट हिरड्या खराब होतात, तोंडाचा कर्करोग होण्याची भीती असते, व गर्भवती स्त्रीने लावली तर बाळ कमी वजनाचे जन्मते. दात घासण्याच्या पदार्थांत तंबाखू घालण्यास भारत सरकारने १९९२ सालीच बंदी केली आहे. जी भगिनी ह्या सवयीत सापडली आहे तिला टाकून बोलू नये. ही सवय सोडणे कठीण आहे, तिला मदतीची व प्रार्थनेची गरज आहे.

७. मुलांचे दात

बाळास सुमारे सहाव्या महिन्यापासून दात येऊ लागतात व अडीच-तीन वर्षांत वीस दुधाचे दात पुरे होतात. ते पडणार म्हणून त्यांची काळजी नको, असे समजू नये. किडलेल्या दुधाच्या दाताने मूल जेवत नाही, झोपत नाही व वाढत नाही. शिवाय तो दात वेळेपूर्वी गेला तर कायमच्या दातांची जागा चुकते.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, कोणताही दात न पडता, एक नवी दाढ उगवते. वर दोन व खाली दोन अशा ह्या चार दाढा कायमच्या होत. दात न पडता आल्यामुळे आईबापांस वाटते की ही दुधाचीच आहे. वर सांगितलेल्या आजीबाईच्या घरी हीच चूक झाली. ह्या दाढांच्या माथ्यावर खोल खाचा असतात व त्यांत अन्न अडकते. म्हणून कीड प्रथम येथेच लागते. सहा वर्षांच्या मुलाच्या आईने आजच ह्या चार दाढा शोधून पाहाव्यात.

पहिला दात येताच तो घासू लागावे. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी व तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ती गिळू देऊ नये. सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मुलाचे दात मोठ्यांनी घासून द्यावेत. गोड दुधाची बाटली तोंडात देऊन बाळास निजवू नये. अशा बाळांचे वरचे पुढील दात वर्ष-दोन वर्षांतच काळे पडतात. वर्षाच्या आतील बाळास मधाचे बोट चाटविणे तर इतर कारणांनीही धोक्याचे आहे.

८. कीड लागलीच तर

दातास भोक दिसले की दुखण्याची वाट न पाहता दंतवैद्याकडे जावे. लहान भोक थोड्या वेळात व थोड्या खर्चात भरता येते. पुष्कळ ग्रामीण रुग्णालयांत दंतवैद्य असतो, व शाळा आणि अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून होत असते. त्या दिवशी मुलास घरी ठेवू नये. लहान मुलांची कीड थांबविण्याकरिता चांदी व फ्लोराइड असलेले औषधही लावतात. त्याने किडका भाग काळा पडतो, पण कीड पुढे जात नाही; काळा रंग पाहून आईने घाबरू नये.

लवंगेने घटकाभर ठणका कमी होतो, परंतु रोग जात नाही. दातात तंबाखू, रॉकेल किंवा गोळीची पूड भरू नये. त्याने हिरडी भाजते. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना, जबड्याखाली सूज उतरली किंवा गिळावयास व श्वास घ्यावयास त्रास होऊ लागला, तर त्याच घटकेस मोठ्या रुग्णालयात न्यावे. दाताचा पू गळ्याकडे उतरला तर मनुष्याचा प्राणही जाऊ शकतो. अशा वेळी सकाळ होण्याची वाट पाहू नये.

९. मंडळीचे कर्तव्य

काही बांधवांस वाटते की दातासारख्या लहान गोष्टीचा देवाच्या सेवेशी काय संबंध. पौलाने करिंथ येथील मंडळीस शिकविले की आपले शरीर आपले स्वतःचे नाही. जे दुसऱ्याचे आहे ते आपण काळजीने राखतो. आणखी काही जण म्हणतात की आम्ही प्रार्थना केली आहे, आता दवाखान्याची गरज नाही. त्यांनी स्मरण ठेवावे की पौलाचा प्रिय सोबती लूक हा वैद्य होता. प्रार्थना करावी, व मुलास घेऊन रुग्णालयाची वाटही धरावी.

शेवटी आपणा स्वतःविषयी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. शब्बाथ शाळेत पाठ नीट म्हणून दाखविणाऱ्या मुलाच्या हातावर आपण काय ठेवतो? गोळी. नाताळात, वाढदिवशी, पाहुणे आल्यावर, पुन्हा गोळी. ज्या मुलांवर आपण प्रीती करतो त्यांच्या दातांस आपणच आठवड्यामागून आठवडे अपाय करीत आलो आहो, व हा लेख लिहिणारे आम्ही ह्यातून सुटलेले नाही. सणाच्या दिवशी जेवणाबरोबर करंजी खाण्यास आमची ना नाही. आनंदाच्या दिवशी आनंद करावा. पण दर रविवारचे बक्षीस म्हणून मूठभर शेंगदाणे, एखादा पेरू, चित्राचे कार्ड किंवा पेन्सिल द्यावी. हा बदल आपण येत्या रविवारीच करू शकतो.

त्या मुलाची दाढ परत येणार नाही. पण त्याची धाकटी बहीण आता सहा वर्षांची आहे, व उपदेशकाने तिच्या आईस त्या चार नव्या दाढा बोट लावून दाखविल्या आहेत. आपापल्या मंडळीत प्रत्येकाने एवढे तरी करावे.

अभ्यासाकरिता प्रश्न

१. धुरी दिल्यावर पाण्यात पडते ते काय असते? दुखणे थांबले तरी रोग गेला असे का समजू नये?

२. कीड लागण्यास कोणत्या चार गोष्टी एकत्र याव्या लागतात? त्यांपैकी कोणत्या आपल्या हातच्या आहेत?

३. आपण काल किती वेळा गोड खाल्ले किंवा प्यायलो ते मोजा. दात किती तास आम्लात राहिले?

४. सहाव्या वर्षी येणारी दाढ कोठे येते? ती दुधाची आहे अशी चूक का होते?

५. रात्री दात घासणे सकाळपेक्षाही अगत्याचे का?

६. कोणती चिन्हे दिसली असता त्याच घटकेस रुग्णालयात जावे?

७. आपल्या शब्बाथ शाळेत गोळीऐवजी काय देता येईल, हे मंडळीने मिळून ठरवावे.